हरता न येणारे खेळ

खेळांविषयी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. शाळेच्या खो-खोच्या संघात मला घेत, ते नऊ गडी भरत नसले म्हणजे. बुद्धिबळात माझा वजीर दहाव्या खेळीच्या आत पडतो आणि रमीत माझी पाने माझ्या चेहऱ्यावर वाचता येतात, असा आमच्या घरात लौकिक आहे. व्हिडिओ गेम म्हणाल, तर पुतणीच्या खोलीच्या बंद दाराआडून येणारा बंदुकांचा आवाज, एवढाच माझा त्या सृष्टीशी परिचय. असा मनुष्य या विषयावर दिवाळी अंकात लिहायला बसतो, याचे कारण घोट्याचे हाड आहे.

गेल्या वर्षी श्रावणात पर्वतीच्या पायऱ्या उतरताना माझा पाय घसरला आणि सहा आठवडे तो प्लॅस्टरमध्ये गेला. तीस वर्षे रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांना फिरण्याचे व्यसन आहे त्यांनाच कळेल. माझी चिडचिड घरात कोणालाच सोसेना. एके संध्याकाळी शर्वरी, म्हणजे माझी पुतणी, आपला संगणक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, तुम्हाला फिरायला जायचंय ना? मग हे घ्या. यात दुसरं काही करायचंच नसतं. नुसतं चालायचं."

तिच्या स्वरात औदार्य कमी आणि उपहास जास्त होता. तो उपहास या खेळांच्या नावातच आहे, हे मला मागाहून समजले. यांना 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणतात. आपल्या भाषेत 'चालण्याचे सोंग' म्हणावे लागेल. हे नाव हाडाच्या खेळाडूंनी कुचेष्टेने ठेवले आणि पुढे, अशा नावांचे नेहमी होते तसे, तेच रूढ झाले. या खेळांत शत्रू नसतो, बंदूक नसते, गुण मिळत नाहीत, प्राण जात नाहीत. एक निर्मनुष्य जागा असते. तिथे तुम्ही हळूहळू चालायचे आणि जे दिसेल, ऐकू येईल, त्यातून इथे काय घडून गेले ते जुळवायचे. दीड-दोन तासांत, फार तर चार-पाच तासांत गोष्ट संपते. या प्रकाराचा उगम शोधू गेल्यास आपण बहुधा इंग्लंडातील पोर्टस्मथ विद्यापीठात पोहोचतो. तिथे डॅन पिंचबेक यांनी २००८ मध्ये संशोधनाचा भाग म्हणून 'हाफ-लाइफ २' या गोळीबाराच्या खेळाचे यंत्र घेतले आणि त्यातला गोळीबारच काढून टाकला. बंदूक काढून घेतल्यावर हातात काय उरते, हे त्यांना पाहायचे होते. उरले ते 'डिअर एस्थर'.

शर्वरीचा आक्षेप एका वाक्याचा आहे. "काका, यात हरता येत नाही. मग हा खेळ कसला?"

मी मराठीचा मास्तर. मी शब्दाचा आश्रय घेतला. म्हटले, आपली भाषा याबाबतीत मोठी उदार आहे. डोंबाऱ्याचा खेळ, बाहुल्यांचा खेळ, दशावताराचा खेळ. आमच्या लहानपणी सिनेमालासुद्धा आम्ही सहाच्या नाहीतर नऊच्या खेळालाच जात होतो. यात कोण हरतो? त्यावर ती कार्टी म्हणाली, "नऊच्या खेळाला तुम्ही खेळायला जात नव्हता काका, बघायला जात होता." उत्तर बिनतोड होते. मग मी मंगळागौर काढली. रात्रभर फुगड्या आणि झिम्मा चालतो. तिथे जिंकल्याची नोंद कोण ठेवतो? आणि भातुकलीत कोणाचा पराभव होतो? यावर मात्र ती थोडी थांबली. "पण फुगडीत घाम येतो," ती म्हणाली, "आपण काहीतरी करत असतो."

मला वाटते, वादाचा खरा मुद्दा तिने नकळत तिथेच सांगितला. हरता येते की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. मी जे करतो त्याने काही होते का, निदान माझे काही होते का, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील चित्रपटसमीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० मध्ये असे लिहून मोठे वादळ ओढवून घेतले होते की, व्हिडिओ गेम ही कधीच कला होऊ शकणार नाही. त्यांच्या कारणांपैकी एक असे की खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. आणि जिंकण्याची सोयच नसलेला खेळ कोणी दाखवला, तर तो खेळ राहत नाही, त्याची गोष्ट किंवा नाटक होते. म्हणजे शर्वरी म्हणते, हरता येत नाही म्हणून हा खेळ नव्हे. एबर्ट म्हणतात, खेळ असेल तर ती कला नव्हे. बिचारे हे चालण्याचे खेळ दोन्ही घरचे पाहुणे आणि दोन्हीकडे उपाशी. एबर्ट एप्रिल २०१३ मध्ये वारले. मी पुढे ज्याच्याविषयी विस्ताराने लिहिणार आहे तो 'गॉन होम' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाहेर आला. त्यांनी तो पाहायला हवा होता.

पण आधी 'डिअर एस्थर'. मी खेळलो ती आवृत्ती २०१२ नंतरची. रॉबर्ट ब्रिस्को यांनी त्यातला सारा निसर्ग नव्याने रचला आणि जेसिका करी यांनी संगीत दिले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपैकी एक बेट. राखी आभाळ, ओले गवत, पडका दीपगृहाचा धक्का, दूर डोंगरावर लाल दिवा लुकलुकणारा एक मनोरा. तुम्ही चालू लागता आणि एक पुरुषी आवाज एस्थर नावाच्या कोणा स्त्रीला लिहिलेल्या पत्रांतले तुकडे वाचू लागतो. ती मोटारीच्या अपघातात गेली आहे, एवढे हळूहळू कळते. हे तुकडे प्रत्येक वेळी सारखे नसतात. यंत्र त्यांतले काही आपल्या लहरीने निवडते, त्यामुळे तुम्हाला मिळालेली कथा शेजाऱ्याला मिळेलच असे नाही. गुहेतला निळसर उजेड तर असा आहे की प्लॅस्टरमधला पाय मी विसरलो.

सुंदर आहे. पण खेळ म्हणून तो फसला आहे, असे माझे मत आहे. या बेटावर मला काही उचलता येत नाही, उघडता येत नाही, कोणाला हाक मारता येत नाही. मी चाललो काय आणि न चाललो काय, त्या आवाजाला माझे सोयरसुतक नाही. ठरल्या जागी पाय पडला की पुढचा तुकडा सुटतो, एवढाच माझ्या पायांचा उपयोग. कीर्तनकाराने अभंगाचा एक चरण म्हणावा आणि दुसरा ऐकण्यासाठी श्रोत्यांनी उठून पुढच्या आळीत चालत जावे, तसे हे होते. शिवाय भाषा प्रतिमांनी इतकी लदलेली, की बेटाने शांतपणे जे सांगितले असते ते आवाज मोठ्याने सांगून टाकतो. एकदा मी किनाऱ्यावर मुद्दाम दहा मिनिटे उभा राहिलो. लाटा येत होत्या, वारा वाजत होता, आवाज गप्प होता. ती दहा मिनिटे मला सर्वांत आवडली. पण त्याचे श्रेय अर्धे माझ्या घोट्याला दिले पाहिजे.

त्याच मंडळींचा पुढचा खेळ 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' २०१५ मध्ये आला. १९८४ सालचे इंग्लंडातले श्रॉपशर, यॉटन नावाचे कल्पित खेडे. घरे उघडी, चहाचे पेले तसेच, माणसे मात्र नाहीशी झालेली. हवेत तरंगणारे प्रकाशाचे ठिपके गेलेल्या माणसांची संभाषणे पुन्हा ऐकवतात. संगीताला ब्रिटनचे बाफ्टा पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु खेड्यात चालायचे ते इतक्या मंद गतीने, की खेळणाऱ्यांनी गिल्ला केला. तेव्हा कर्त्यांनी खुलासा केला की एक कळ दाबून धरली तर चालणाऱ्याचा वेग हळूहळू वाढतो. फक्त हे खेळात सांगायचे राहून गेले होते! हा किस्सा मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकताना कोणी तक्रार करीत नाही, कारण ठेका खाली चालू असतो आणि सम कुठे येणार हे कानाला ठाऊक असते. गवई उशीर लावतो तेव्हा श्रोत्याची उत्सुकता ताणली जाते. समेचा पत्ताच नसेल, तर त्या संथपणाला विलंबित म्हणत नाहीत. गाडी उशिरा येते आहे असे म्हणतात. हे खेळ संथ आहेत हा आक्षेप मला मान्य नाही. त्या संथपणाखाली ठेका आहे का, एवढेच मी विचारीन.

'गॉन होम'मध्ये तो आहे. हा खेळ अमेरिकेतील पोर्टलंड शहरातल्या चार-पाच जणांच्या छोट्या मंडळीने केला. स्टीव्ह गेनर हे त्यांतले प्रमुख. १९९५ च्या जून महिन्यातली मध्यरात्र, बाहेर वादळ. केटी नावाची एकवीस वर्षांची मुलगी वर्षभर युरोपात हिंडून ऑरेगनमधल्या घरी परत आली आहे. घर म्हणजे मोठी जुनी हवेली, आणि ती दूर असताना तिचे आईवडील आणि धाकटी बहीण सॅम इथे राहायला आलेले. म्हणून हे घर जितके मला अनोळखी तितकेच तिलाही. या एका साध्या युक्तीने मी दारे का उघडतो आहे, कपाटे का धुंडाळतो आहे, याचे कारण मला मिळाले. 'डिअर एस्थर'मध्ये ते अखेरपर्यंत मिळाले नव्हते. घरात कोणी नाही. दाराला सॅमची चिठ्ठी आहे: ती गेली आहे, आणि तिचा शोध घेऊ नये.

मग सुरू होते ते आपल्या ओळखीचे आहे. प्रवासाहून आलेला माणूस घरात शिरला की काय करतो? दिवे लावतो. मी एकेका खोलीत जाऊन दिवे लावत सुटलो. बऱ्याच वेळाने एक चिठ्ठी सापडली. वडिलांनी सॅमला रागे भरून लिहिले होते की, घरभर दिवे चालू ठेवून जाणे बंद कर, तू तुझ्या बहिणीइतकीच वाईट आहेस. मागे वळून पाहिले, तर माझ्या मागची सारी हवेली लखलखत होती. मी मोठ्याने हसलो. त्या क्षणापासून मी केटी झालो, असे म्हटले तरी चालेल. माझ्या हातून घडलेल्या गोष्टीची त्या घराला आधीपासून माहिती होती.

या खेळात जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलून फिरवून पाहता येते. पेला, पुस्तकाची पाठ, वडिलांना आलेले प्रकाशकाचे पत्र, कॅसेटी. आणि उचललेली वस्तू टाकून न देता जिथल्या तिथे ठेवण्याची वेगळी सोय आहे. खेळाडू लोकांना ही सोय हास्यास्पद वाटत असेल. त्याने मिळत काही नाही. पण मी प्रत्येक वस्तू जागेवर ठेवत गेलो. परक्या घरात वावरण्याची ही रीत आहे आणि ती पाळावी की मोडावी हे खेळाने माझ्यावर सोडले होते.

सॅमची गोष्ट तिच्या वहीतल्या पानांतून उलगडते. (शेवट सांगतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी, ज्यांना स्वतः खेळायचे आहे त्यांनी हे दोन परिच्छेद गाळावे.) सतरा वर्षांच्या सॅमचे लॉनी नावाच्या मैत्रिणीवर प्रेम जडले आहे. आईवडिलांना हे वेड काही दिवसांत उतरेल असे वाटते. लॉनी सैन्यात भरती होऊन जाणार आहे. त्यानंतरची पाने उदास होत जातात आणि घराच्या माळ्याकडे बोट दाखवतात. माळ्याच्या झडपेभोवती लाल दिव्यांची माळ आहे. सॅम माळ्यावर असली, की ते दिवे लागलेले असतात.

ते दिवे लागलेले होते.

मी आयुष्यभर शोकांतिका शिकवल्या आहेत. वर काय असणार याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी शिडीखाली उभा राहिलो आणि कळ दाबेना. पाच मिनिटांनी शर्वरी खोलीत डोकावून म्हणाली, "काका, हँग झालं का?" मी म्हटले, "नाही. मला वर जायचं नाही." ती काही बोलली नाही, पण खुर्ची ओढून शेजारी बसली. अखेर मी चढलो. वर कोणी नव्हते. सॅम जिवंत होती; लॉनीने वाटेतून फोन केला होता आणि ती तिच्याकडे निघून गेली होती. हा खेळ हरता येत नाही, हे खरे. परंतु त्या शिडीखाली मी हरण्याच्या भीतीने उभा होतो आणि पुस्तकाचे पान उलटताना माझे बोट असे कधी अडलेले नाही. पुस्तक मी मिटले तरी नायिका तिथे मरून पडलेलीच असते. इथे मी वर गेलो नसतो, तर ती माझ्यापुरती मेली नसती. चालणे न चालणे माझ्या हातात होते आणि प्रथमच त्या चालण्याला वजन आले होते.

यात थोडी लबाडी आहे, तीही सांगितली पाहिजे. वादळ, लुकलुकणारे दिवे, रिकामी हवेली हे सारे भूतकथांच्या दुकानातून उसने आणलेले सामान आहे. न्हाणीघराच्या टबात तांबडे डाग दिसतात, काळजात चर्र होते, आणि शेजारी केस रंगवण्याच्या रंगाची बाटली सापडते. एखाद्याला हा थिल्लरपणा वाटेल. मला आधी भीती आणि मग स्वतःच्या संशयाची लाज वाटली, म्हणून मी क्षमा केली.

मात्र एका जागी मी अजून घुटमळतो. घरात कुठेतरी सॅमच्या हातचे एक पान आहे, अगदी खाजगी. ते उचलून मी वाचू लागलो, तोच केटीने आपण होऊन ते खाली ठेवले आणि पुन्हा काही हाती घेऊ दिले नाही. धाकट्या बहिणीचे हे वाचायचे नसते, असे तिला वाटले. टीकाकारांनी कौतुक करावे अशी ही जागा आहे.

माझी थोरली बहीण २०११ मध्ये वारली. तिला मूलबाळ नव्हते, भावोजी आधीच गेलेले. तेव्हा वाईचे तिचे घर आवरायला मी गेलो. लुगड्यांच्या थप्पीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात नाडीने बांधलेली पत्रे होती. अक्षर भावोजींचे नव्हते. मी त्यांतली तीन वाचली. त्यांत काय होते ते इथे लिहीत नाही. चौथे उचलले तेव्हा उजेड गेला होता, म्हणून थांबलो. सभ्यता म्हणून थांबलो असे मला म्हणता येत नाही. पुढे ती सगळी मी जाळून टाकली, पण वाचलेली तीन वाचलेलीच राहिली.

केटीने पान खाली ठेवले तेव्हा हे सारे एकदम वर आले. क्षणभर मला कोणी हात धरून वाचवल्यासारखे वाटले आणि मग थोडा रागच आला. वस्तू जागेवर ठेवायची की फेकायची, हे ज्या खेळाने माझ्यावर सोपवले, त्याने नेमक्या याच वेळी माझा हात का धरावा? ते पान त्याने माझ्या हातात राहू द्यायला हवे होते. वाचले असते तर मी हरलो असतो. कोणी गुण वजा केले नसते, पडद्यावर अक्षरे उमटली नसती, पण मला ठाऊक असते. शर्वरीला जी जागा हवी होती ती इथे होती, आणि कर्त्यांनी ती सज्जनपणे झाकून टाकली. केटीच्या स्वभावाला धरून ते योग्य असेल. खेळाच्या स्वभावाला धरून नाही.

२०१६ मधल्या 'फायरवॉच'विषयी फार लिहीत नाही. १९८९ चा उन्हाळा, वायोमिंगचे जंगल, वणव्यावर नजर ठेवणारा एकटा हेन्री आणि वॉकीटॉकीवरून बोलणारी, कधीही न दिसणारी डेलाइला. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट आपण शोधायची, त्यामुळे पायांना काम आहे. बोलायचे की गप्प राहायचे हेही आपण ठरवायचे. घरी हेन्रीची बायको स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहे आणि तो तिला सोडून रानात आला आहे. अर्ध्यापर्यंत हा खेळ मला सर्वांत जवळचा वाटला. पुढे त्यात एक रहस्य शिरते आणि माणसे मागे पडतात.

आणि मग २०१७ चा 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'. ब्रिटनच्या बाफ्टाने २०१८ मध्ये याला वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरवले. पुन्हा अमेरिकेचा पश्चिम किनारा, पुन्हा मोठे घर, पुन्हा परत आलेली मुलगी. या कुटुंबात माणसे विचित्र रीतीने आणि अकाली मरतात. गेलेल्यांच्या खोल्या आईने बंद करून टाकल्या आहेत आणि पणजीने दारांना भोके पाडली आहेत, आत डोकावता यावे म्हणून. एडिथ एकेका खोलीत शिरते आणि त्या माणसाचा शेवटचा दिवस आपण जगतो. प्रत्येक वेळी हाताला निराळे काम मिळते. कुठे झोका घ्यायचा, कुठे पतंग उडवायचा.

त्यातले एडिथच्या भावाचे, लुइसचे, प्रकरण असे आहे. तो मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. शर्वरीने माझ्या हातात गेमपॅड दिला. उजव्या अंगठ्याने मासा ओढायचा, सुरीखाली सरकवायचा, डोके तुटले की पट्ट्यावर टाकायचा. मग पुढचा. दरम्यान लुइसचे मन भरकटू लागते. पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकले नगर दिसते आणि डाव्या अंगठ्याने त्यात एक चिमुकला राजपुत्र चालवायचा. दोन्ही एकाच वेळी. सुरुवातीला माझी त्रेधा उडाली. मासा ओढावा तर राजपुत्र भिंतीवर आपटे, राजपुत्राकडे पाहावे तर मासा पडून राही. हळूहळू नगर मोठे होत गेले, रंगीत झाले, त्यात गाणी आली, आणि त्याने कारखाना झाकून टाकला. मग केव्हातरी माझ्या ध्यानात आले की माझा उजवा अंगठा मासे कापतोच आहे. किती कापले, कधीपासून सुरीकडे पाहिले नाही, मला सांगता येईना.

या माणसाचे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही. ते माझ्या हाताला झाले होते. कादंबरीकार फार तर लिहील की त्याचे हात यंत्रवत चालत होते. आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. इथे यंत्रवत चाललेला हात माझा होता. लुइसचा शेवट आला तेव्हा त्यात माझा अंगठा होता, आणि तो मी उचलला नाही.

शर्वरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मात्र गेम आहे." आणि लगेच, कारण ती शर्वरी आहे, "पण काका, यात चालणं कुठंय?"

तिचे म्हणणे खरे आहे. चालण्याचा खेळ सर्वांत यशस्वी होतो तो चालणे थांबवून हाताला काम देतो तेव्हा. नुसत्या चालण्याने जे साधले ते मला एकाच जागी दिसले, त्या माळ्याच्या शिडीखाली, आणि तेसुद्धा मी चाललो नाही म्हणून. या प्रकाराच्या कैवाऱ्यांना हे आवडणार नाही, पण माझा अनुभव असा आहे.

यावर एक व्यवहारी आक्षेप असतो, किमतीचा. 'गॉन होम' आला तेव्हा दोन तासांच्या खेळाला वीस डॉलर म्हणून मोठी ओरड झाली होती. २०१५ पासून तर स्टीम या मोठ्या दुकानाने नियमच केला की दोन तासांहून कमी खेळलात आणि घेऊन चौदा दिवस झाले नसले, तर पैसे परत. म्हणजे असा एखादा छोटा खेळ पुरता संपवून परतही करता येईल. तासाला किती पडले, हा हिशेब मी नाटकाच्या तिकिटाला लावत नाही, म्हणून इथेही लावणार नाही. मात्र पुन्हा खेळावेसे वाटते का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. प्लॅस्टर निघाल्यावर मी 'गॉन होम' दुसऱ्यांदा खेळलो. शिडी आता नुसती शिडी होती. पण या वेळी, सॅमच्या मागे धावायचे नसल्यामुळे, मी वडिलांच्या खोलीत रेंगाळलो. गृहस्थ लेखक आहेत, फसलेले. कालप्रवास करून केनेडींची हत्या टाळणाऱ्या नायकाच्या कादंबऱ्या लिहितात. पुन्हा पुन्हा १९६३ कडे परततात. तळघरात चौकटीवर एका मुलाच्या उंचीच्या रेघा आहेत. त्याही १९६३ पाशी थांबतात. ही हवेली त्यांच्या मामाची होती. लहानपणी इथे त्या मुलाच्या बाबतीत काहीतरी फार वाईट घडले असावे; खेळात तसे कुठे सांगितलेले नाही. पहिल्या खेपेला या वस्तू मी हातात घेऊन जागेवर ठेवल्या होत्या आणि मला काही दिसले नव्हते. मी त्या वडिलांपेक्षा वयाने मोठा, आणि तरीही तरुण मुलीच्या कथेमागे धावलो होतो. ही दुसरी गोष्ट तिथे सगळा वेळ होती. ती कोणी वाचून दाखवली नाही म्हणूनच ती माझी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी कोणी भाचा-पुतणी संगणक घेऊन आली, तर 'गॉन होम'पासून आरंभ करावा असे मी सुचवीन. घरच्या किशोरवयीन मुलांबरोबर बसून खेळण्यासारखा तो आहे. 'एडिथ फिंच'मध्ये तान्ह्या बाळाचे एक प्रकरण आहे. घरात लहान मूल असेल त्या आयांनी ते टाळावे, मला दोन रात्री झोप नव्हती. 'डिअर एस्थर' एकट्याने, पावसाळी दुपारी, आणि पाय ठीक असेल तर मुळीच नको. माउस वडीलधाऱ्यांच्या हातात द्यावा आणि मुलांनी शेजारी बसून गप्प राहावे. शर्वरीला हे फार जड गेले, तरी जमले. आणि त्या हवेलीत खोलीखोलीतून दिवे लावत सुटाल, तेव्हा सॅमच्या वडिलांची चिठ्ठी वाट पाहत असेल, हे लक्षात असू द्या.